पांढऱ्या पडणाऱ्या खिडक्या

आमच्या घराला शेजार नव्हता. आज अमरावतीत मी ज्या इमारतीत राहते, तिथे शेजारणीने मिरचीची फोडणी घातली की ठसका मला आधी लागतो. वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकली तरी समजतं की आजोबा उठले. अशा घरात बसून त्या घराचं लिहायचं म्हणजे आधी कान बंद करून घ्यावे लागतात. तेव्हा कुठे ती शांतता थोडीशी आठवते. दुपारची, तारेच्या खांबांतून गुंऽऽ करत राहणारी, होल्याच्या घुमण्याने आणखीच खोल होणारी शांतता.

यवतमाळहून निघणाऱ्या छोट्या लाईनवरचं ते एक लहानसं स्टेशन. पत्र्याच्या छपराची एक खोली म्हणजे ऑफिस, तिच्या मागे दोन खोल्यांचं आमचं क्वार्टर, एक कडूनिंब, एक विहीर, आणि चारी बाजूंनी तूर आणि कापसाची पऱ्हाटी. गाव पाऊण कोस लांब. गाडी सकाळी एकदा जायची आणि संध्याकाळी एकदा परत यायची. माझे बाबा त्या स्टेशनचे सगळं काही होते. कागदावर ते सांधेवाले, म्हणजे गाडीसाठी रुळाचे सांधे बदलणारे, पण तिकीट तेच कापत, कंदील तेच पुसत, हिरवा बावटा तेच दाखवत आणि फलाटावर बसलेल्या शेळ्याही तेच हाकलत. गाडी आली की त्यांना अंगात खाकी कोट लागायचा. गाडी गेली की कोट खुंटीला, आणि पुढचा सगळा दिवस बाबा बनियनवर.

माय आमच्यात नव्हती. ती कळंबला तिच्या माहेरी राहत होती, शिवणकाम करत होती, आणि माझा धाकटा भाऊ गुणवंत तिच्याजवळ होता. भांडण असं काही झालं नव्हतं. एका पावसाळ्यात गुण्याला ताप चढला आणि फिट आली. यवतमाळकडे जाणारी गाडी संध्याकाळीच येणार होती. बैलगाडी चिखलात जाईना. मायने त्याला मांडीवर घेऊन, तोंडात चमचा धरून, गाडीची वाट पाहिली. गाडी आली, पोरगं वाचलं, पण यवतमाळच्या दवाखान्यातून माय परत आली नाही. इनायतचाचा म्हणून आमच्या गाडीचे गार्ड होते, त्यांच्याजवळ तिने निरोप दिला, "त्या जागी मी लेकरू घेऊन येनार नाही. तुमी बदली मांगा." बाबांनी बदली मागितली. मिळाली नाही. पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा मागितली की नाही मला माहीत नाही. मी मागे राहिले, कारण माझी सातवीची शाळा गावात चालू होती, आणि बाबांना भाकर कोण करून देणार हाही प्रश्न होता. सातवी झाली. पुढची शाळा गावात नव्हती. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही, मीही नाही.

माय गेल्यावर बाबांनी एक लाकडी गाडी बनवायला घेतली. क्वार्टरसमोर मातीचा एक लांबट ओटा होता, त्यावर माय मिरच्या वाळवायची. बाबांनी त्यावर लोखंडी पट्ट्यांचे रूळ टाकले आणि आमच्या छोट्या गाडीचीच लहान प्रत करायला बसले. फुटाला एक इंच असं त्यांचं माप. खऱ्या डब्याखाली वाकून ते सुतळीने माप घेत, तेव्हा इनायतचाचा वरून ओरडत, "अरे भाई, कफन का नाप ले रहे हो क्या?" आरागिरणीतून सागाचे तुकडे येत, तेलाच्या पिप्यांच्या पत्र्यातून छपरं कापली जात. इंजिन झालं, तीन डबे झाले, मागे गार्डाचा डबा झाला. डब्यात बाकं होती. बाकांवर बाबांनी चिंचेएवढी लाकडी माणसं बसवली होती. फेटेवाला म्हातारा, टोपलीवाली बाई, लेकरू घेतलेली एक, बिडी ओढणारा एक. खऱ्या गाडीच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, नुसत्या लाकडी झडपा. पण बाबा म्हणाले, उघडी ठेवली तर चिमण्या घुसतील आणि धूळ बसेल. आधी खरी काच लावली. वानरं आली, एकाच दिवसात अर्ध्या काचा फुटल्या. मग यवतमाळला पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडून बाबांनी पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याचे उरलेले तुकडे आणले. करवतीने कापले, कानशीने घासले, आणि नव्याच निघालेल्या, एका थेंबात चिकटणाऱ्या डिंकाने चौकटीत बसवले.

पहिल्या दिवशी त्या खिडक्या इतक्या सुंदर दिसल्या की बाबांनी मला हाताला धरून ओट्याजवळ बसवलं. ऊन आत शिरून पलीकडच्या खिडकीतून बाहेर पडत होतं, आणि मधल्या बाकावरच्या म्हाताऱ्याच्या फेट्याची गुलाबी चमक दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पाहिलं तर सगळ्या खिडक्या पांढऱ्या. डोळ्यात फूल पडावं तशा. आतलं कोणीच दिसेना.

बाबांना वाटलं दहिवर आहे. पुसलं, जाईना. रॉकेलचा बोळा फिरवला, तर चमक आली आणि दोनच दिवसांत सबंध प्लास्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटल्या. ते तुकडे काढले, नवे लावले, तोच डिंक, पुन्हा पांढरे. बाबा कधी चिडत नसत, पण तेव्हा त्यांनी हातातली कानस विहिरीकडे भिरकावली आणि मग स्वतःच जाऊन शोधून आणली.

खिडक्या माझ्याकडे आल्या त्या अशा. बाबांनी दिल्या नाहीत, मीच घेतल्या. सकाळची गाडी गेली, भाकरी झाल्या, अंबाडीची भाजी नाहीतर तुरीचं वरण झालं, भांडी घासली, की उरलेला दिवस कुठे ठेवायचा हे मला कळत नसे. शाळा होती तोवर चालत जायला अर्धा तास आणि यायला अर्धा तास तरी होता. आता तोही नव्हता. गावात माझ्या वर्गातल्या पोरी होत्या, पण त्या कापूस वेचायला जात, आणि मला स्टेशन सोडता येत नसे. बाबा सांध्यावर गेले आणि ऑफिसातल्या टेलिफोनची घंटा वाजली तर त्यांना हाक मारायला कोणीतरी हवं असे. म्हणून मी ओट्याजवळ बसायचे आणि त्या आंधळ्या डब्यांकडे पाहायचे.

पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. शेवटच्या डब्याची एक खिडकी सुटून पडली होती, आणि बाबांनी ती घाईत तशीच चौकटीत दाबून बसवली होती, डिंक न लावता. बाकी सगळ्या पांढऱ्या झाल्या होत्या, ती एकटी स्वच्छ होती. त्याच प्लास्टिकची, त्याच उन्हात, त्याच दहिवरात. मी बाबांना दाखवलं. ते बराच वेळ उकिडवे बसून राहिले, मग बोट लावून पाहिलं. "म्हंजे हे त डिंकाचं हाय," ते म्हणाले. "बंद डब्यात त्याची वाफ कोंडते, आन् ह्याच्यावर बसते." मग म्हणाले, "मले काहून नाही दिसलं?" त्यांना दिसलं नाही कारण त्यांना दिवसभर तिथे बसावं लागत नव्हतं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

तेव्हापासून आम्ही डिंक बंद केला. सागाच्या काडीएवढ्या पट्ट्या करून खिडकी दोन्हीकडून दाबायची आणि बारीक खिळे ठोकायचे. पावसाळ्यात आतून वाफ धरू लागली, तेव्हा डब्याच्या तळाला भोकं पाडली आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून त्यांना चहाच्या जुन्या गाळणीची जाळी लावली. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की ओरखडे पडतात, हे मी तीन खिडक्या खराब करून शिकले. आधी तांब्याने पाणी सोडायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग रिठ्याचं पाणी बोटांनी हळूच लावायचं, पुन्हा पाणी, आणि शेवटी मऊ सुती कापडाने टिपायचं, घासायचं नाही. कापड म्हणून मायच्या जुन्या लुगड्याचा पदर होता, इतक्या वेळा धुतलेला की हातात घेतला तरी कळू नये. ओरखडे असतीलच तर पांढरी टूथपेस्ट. आम्ही दोघेही काळं दंतमंजन वापरायचो, पण खिडक्यांसाठी बाबांनी टूथपेस्ट आणली. इनायतचाचांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. दुपारच्या उन्हाने प्लास्टिक पिवळं पडतं हे मात्र सगळ्यात उशिरा समजलं. मग अकरा-बाराच्या सुमाराला मी डब्यांवर ओलं पोतं टाकायची आणि ऊन उतरलं की काढायची.

मागच्याच वर्षी इथे अमरावतीत माझ्या स्कूटरचा पुढचा दिवा असाच पिवळट, धुरकट झाला. गॅरेजमधला मुलगा म्हणाला, "मावशी, नवा लावा, हे जात नसते." मी त्याच्याकडून पॉलिशची ट्यूब मागून घेतली आणि तिथेच स्टुलावर बसून दिवा घासायला लागले. गोल गोल, हलक्या हाताने, मधेमधे पाणी. बोटं आपोआप फिरत होती. चार गिऱ्हाइकं येऊन गेली, आणि मला त्यांचं भान नव्हतं. दिवा साफ झाला. घरी आल्यावर मात्र मी बराच वेळ कुणाशी बोलले नाही. सुनेला वाटलं, गॅरेजवाल्याशी काही झालं.

कारण ते काम करताना माझ्या तोंडून काय काय निघायचं ते मला आठवलं होतं. मी डब्यातल्या लोकांशी बोलायची. आधी मनात, मग पुटपुटत, मग सरळ मोठ्याने. खिडकी स्वच्छ झाली की आतला माणूस दिसायचा, आणि दिसलेल्या माणसाशी न बोलणं बरं दिसत नसे. फेटेवाल्या म्हाताऱ्याला मी दारव्ह्याला लेकीकडे धाडलं होतं. टोपलीवाली ढाणकीची, हळद विकून परत निघालेली. बिडीवाला कुठे जातो ते तो सांगत नसे. लेकरू घेतलेल्या बाईला मी काही नाव दिलं नाही. तिला मी फक्त एवढंच म्हणायची, "आता आलंच हं टेशन, जराशी कळ काढा." त्या सगळ्यांचे आवाज वेगवेगळे होते आणि ते सगळे मीच काढायची. कधी त्यांची भांडणं लागत, कधी कोणी कोणाला जागा देत नसे. दिवस कसा जायचा ते कळत नसे.

तो थंडीचा दिवस होता. तुरीला शेंगा भरल्या होत्या आणि सकाळी मी ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी केली होती. गाडी येऊन गेली होती. मी ओट्याच्या पलीकडच्या बाजूला, शेताकडे तोंड करून नाही, तर डब्याकडे तोंड करून बसले होते, मांडीवर पदराचा तुकडा, बाजूला तांब्या. आदल्या दिवशीच मधल्या डब्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या मी चकचकीत केल्या होत्या. इतक्या की प्लास्टिक आहे की नाही ते बोट लावल्याशिवाय कळू नये. मी टोपलीवालीला रागावत होते. "सरका नं मावशी, सारी शीट काय तुमची एकलीची हाय? ह्या बुढ्याले बसू द्या. त्याचे पाय दुखून राह्यले." आणि मग मावशीच्या आवाजात, "त्याले काय होते, मी तिकिट काढलं हाय!" आणि मला स्वतःलाच हसू आलं, आणि हसत मी खिडकीशी वाकले, तर पलीकडच्या खिडकीतून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते.

बाबा तिकडून उकिडवे बसले होते. मला जेवायला हाक मारायला आले असावेत. किती वेळ बसले होते कोण जाणे. त्या दोन खिडक्यांमधून, बाकांवरच्या माणसांच्या डोक्यांवरून, आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते हसले असते तर बरं झालं असतं. रागावले असते तरी चाललं असतं.

"कोनाशी बोलून राह्यली व?" त्यांनी विचारलं.

"कोनाशी नाही."

"हे रोजचं हाय काय, वच्छे?"

मी तांब्यातलं पाणी उगाचच मातीत ओतलं. बाबा उठले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तो बुढा कुठं चालला?" मी म्हटलं, "लेकीकडं." ते म्हणाले, "हं." मग ते उठून ऑफिसात गेले. त्या दिवशी त्यांनी भाजी खाल्ली, पण सोल्यांची भाजी त्यांना फार आवडायची आणि एरवी ते दुसऱ्यांदा मागायचे, ती त्यांनी मागितली नाही. संध्याकाळची गाडी आली तेव्हा ते इनायतचाचांना बाजूला घेऊन गेले आणि गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. इंजिनाने शिट्टी मारली तरी दोघे बोलतच होते. मला वाटलं, पुन्हा बदलीचं काहीतरी असेल.

आठवडा-दीड आठवडा गेला असेल. संध्याकाळच्या गाडीची वेळ नव्हती, सकाळच्या गाडीची होती, आणि सकाळच्या गाडीतून आमच्या स्टेशनवर सहसा कोणी उतरत नसे. मी भाकर थापत होते. गाडी थांबल्याचा आवाज आला आणि मग बायकी चपलांचा फलाटावरच्या मुरमावरचा आवाज. मी दारात आले तर माय उभी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात गुण्या. माय बारीक झाली होती आणि तिने जाड भिंगांचा चष्मा लावला होता. शिवण्याने डोळे गेले होते तिचे. ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "केवढी झाली व माय तू." आणि मग, माझ्या पिठाच्या हातांना धरून, रडली. मला रडू आलं नाही. तव्यावरची भाकर करपते आहे एवढंच माझ्या मनात होतं.

गुण्याला बाबांची ओळख पटेना. तो मायच्या पाठीमागे लपला. खाकी कोट घातलेला माणूस म्हणजे त्याला पोलीस वाटला. बाबांनी कोट काढला, खुंटीला लावला, बनियनवर येऊन बसले, तरी तो जाईना. शेवटी बाबांनी त्याला ओट्यावरची गाडी दाखवली. तेव्हा मात्र त्याने हात सोडला. तो डब्याजवळ गेला, नाक खिडकीला लावलं आणि आत पाहू लागला. त्याच्या श्वासाने खिडकीवर धुकं धरलं, तसं त्याने सदऱ्याच्या बाहीने ते खसाखसा पुसलं.

"बाहीनं पुसू नको!" मी ओरडले. "ओरखडे पडतात!"

तो दचकून मागे झाला. मला वाईट वाटलं. मी त्याच्याजवळ बसले, त्याला पाणी आधी, मग कापड, असं दाखवायला लागले. पण पुढे काय बोलायचं ते मला सुचेना. डब्यातल्या बिडीवाल्याशी मी तासन् तास बोलायची, आणि माझ्या सख्ख्या भावाशी, खऱ्या, गरम श्वासाच्या, नाकाला शेंबूड असलेल्या पोराशी, मला एक वाक्य जुळवता येईना. त्यानेच विचारलं, "ताई, ह्यातला डायवर कोन हाय?" इंजिनात बाबांनी कोणी बसवलंच नव्हतं. मी म्हटलं, "नाही कोनी." तो म्हणाला, "मंग चालते कशी?"

दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो. दोन वर्षांनी. कोणी कुठे बसायचं ते कोणालाच आठवत नव्हतं. मायची जागा चुलीपाशी, पण तिथे आता मी बसायची. मी उठायला लागले, तर तीच म्हणाली, "बस, बस," आणि भिंतीशी पाहुणीसारखी टेकली. जेवणं झाल्यावर माय म्हणाली, "वच्छे, तुहे कपडे भरून ठेव. उद्या सकाळी मी तुले घेऊन जातो. कळंबले आठवीत नाव घालून देतो. मास्तराशी बोलनं झालं हाय."

"मी नाही येत," मी म्हटलं. मला विचार करावाच लागला नाही. "बाबाले भाकर कोन करून देईन?"

"मी करतो," बाबा म्हणाले.

"तुमाले येत नाही."

"शिकतो."

"आन् फोन वाजला त? तुमी सांध्यावर असान त?"

"वाजन आन् बंद होईन."

मी शेवटचं काढलं. "खिडक्या कोन पुसन? पंधरा दिवसात पांढऱ्या पडतीन साऱ्या."

बाबा खाली पाहत म्हणाले, "पडल्या त पडल्या, वच्छे. आतमधी बसलं कोन हाय?"

आयुष्यात लोक मला पुष्कळ टोचून बोलले आहेत. सासरी बोलले, नोकरीत बोलले. पण त्या वाक्यासारखं काही लागलं नाही. कारण बाबांना माहीत होतं आत कोण बसलं आहे ते. त्यांनीच त्यांना कोरलं होतं, त्यांनीच विचारलं होतं बुढा कुठं चालला म्हणून. माहीत असून ते तसं म्हणाले. मी मायकडे वळून म्हटलं, "तूच शिकवलं काय याईले?"

"मी कायले शिकवू?" माय म्हणाली. "त्याईनंच निरोप धाडला. इनायतभाई सुट्टी काढून कळंबपर्यंत आले. म्हने, पोरगी लाकडाच्या मानसाशी बोलून राह्यली, तिले घेऊन जा."

बाबा उठून बाहेर गेले. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, बाबांनी मला पकडून दिलं. ज्या एका माणसासाठी मी राहिले होते, त्यानेच मला द्यायला काढलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा दिला तोही न बोलता, कप जमिनीवर ठेवून. आज माझ्या मुली मोठ्या झाल्या आहेत. एकीला तर ती नको नको म्हणत असताना मी स्वतः परगावी शिकायला पाठवलं, आणि त्या रात्री सवयीने तिचं अंथरूण घालून ठेवलं. तेव्हा कुठे मला कळलं की बाबांनी ते वाक्य किती विचार करून, कुठे लागेल ते पाहून, निवडलं होतं. त्याच्याहून मऊ काही बोलले असते तर मी गेले नसते.

आम्हाला यवतमाळकडे जायचं होतं, म्हणजे गाडी उलटी, संध्याकाळची. माय म्हणाली होती सकाळी, पण सकाळची गाडी तिकडे जात नाही हे तिच्या ध्यानातून गेलं होतं. त्या स्टेशनचं वेळापत्रक ती विसरली होती. त्यामुळे तो सबंध दिवस हातात उरला. मी सगळ्या खिडक्या धुतल्या. एकही शब्द न बोलता. गुण्या तांब्याने पाणी घालत होता आणि मी टिपत होते. गाडी आली. इनायतचाचांनी माझी पेटी स्वतः चढवली आणि म्हणाले, "बैठ बेटी, खिडकी के पास बैठ." मी बसले. बाबा खाकी कोट घालून, बटणं लावून, फलाटाच्या टोकाला उभे होते. गाडी सुटताना त्यांना बावटा दाखवायचा असतो. हात उंच, सरळ, न हलवता. शेवटचा डबा जाईपर्यंत. म्हणून त्यांना हात हलवून निरोप देता आला नाही. माझा डबा त्यांच्यासमोरून गेला तेव्हा ते माझ्याकडे नाही, पुढे इंजिनाकडे पाहत होते, कारण नियम तसा आहे. मीही समोर पाहिलं.

कळंबला मी आठवीत बसले. पहिले काही महिने मास्तरांनी काही विचारलं की मी उभी राहायची आणि तोंडातून आवाज निघायचा नाही. पोरी म्हणायच्या, मुकी हाय. मग मंदिरासमोर बांगड्या विकणाऱ्याची एक पोर, मंदा, माझ्या बाकावर येऊन बसली. ती इतकी बोलायची की तिला मधे मधे कोणी हं म्हणणारं लागायचं. मी हं म्हणता म्हणता बोलायला लागले. एवढंच झालं. त्यापेक्षा मोठं काही झालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीच बाबांकडे गेले. माय काही आली नाही. बाबा वाळले होते, पण हसले. भाकर त्यांना जमायला लागली होती, जाड आणि कडेला कच्ची. ओट्यावर गेले तर सगळे डबे आंधळे. पावसाची आणि धुळीची पुटं चढलेली, आणि दोन-चार खिडक्यांवर गोल, खोल ओरखडे, कोणीतरी खाकी कापडाने जोर लावून पुसल्यासारखे. मी पाणी काढलं, रिठे भिजवले, आणि बसले. बाबा काही काम नसताना माझ्यासमोर ओट्यावर येऊन बसले. मी खिडक्या धुता धुता बोलत होते. मंदाचं, गणिताच्या मास्तरांचं, गुण्या वर्गात कसा झोपतो त्याचं, कळंबच्या चिंतामणीच्या जत्रेत पाळण्यात कशी चक्कर आली त्याचं. गार पाण्याने हात बधिर झाले तरी माझं तोंड थांबत नव्हतं. बाबा ऐकत होते, मधे मधे "मंग?" म्हणत होते. शेवटच्या डब्याची शेवटची खिडकी टिपून मी कापड पिळलं तेव्हा ऊन कललं होतं, आणि मला लक्षात आलं की मी इतका वेळ एकटीच बोलते आहे.

"आता तुमचं सांगा," मी म्हटलं. "मी गेल्यावर काय काय झालं?"

बाबांनी विचार केला. खरंच आठवून पाहिलं त्यांनी. मी वाट पाहत बसले. तिकडे लांबवर संध्याकाळच्या गाडीची शिट्टी झाली, तसे ते उठले आणि खुंटीवरचा कोट घ्यायला आत निघाले.

"काय होईन?" ते दारातून म्हणाले. "गाडी आली, गाडी गेली."